कोरडा हात

रेवडीला घाम येत नाही, हे आधी
बेंजोवाल्या दगडूला कळलं.
मे महिना, कळव्यात वरात, रात्रीचे दहा.
नवरदेवाच्या शेरवानीतून पाणी गळतंय,
डोक्यावर झुंबरं घेतलेल्या बायांच्या
मानेवरून ओघळ,
आणि घोडी वर्तमानपत्रासारखी कोरडी.
फक्त नाकपुड्या चाललेल्या, लोहाराच्या भात्यागत.
दगडूने वाजवणं थांबवलं.
लोकांना वाटलं, गाणं संपलं.

सारंगखेड्याहून आणली तेव्हा
खोगीर उतरवलं की पाठीवर ओला नकाशा असायचा,
इसाकचाचा सांगतात.
मग खाडीकाठचे दोन उन्हाळे.
डॉक्टर गांगलबाईंनी मानेच्या कातडीत
सहा बारीक सुया टोचल्या
आणि घड्याळ लावून बसल्या.
धडधाकट घोड्याला तिथे थेंब फुटतात म्हणे.
अर्धा तास आम्ही तिघं
एका मानेकडे बघत होतो,
निकाल लागायच्या फळ्याकडे बघावं तसे.

काहीच नाही.

बाई म्हणाल्या, इथल्या हवेत घाम वाळतच नाही ना,
अंग गाळत राहतं, गाळत राहतं,
शेवटी ग्रंथीच ऐकेनाशा होतात.
परत येईल?
येतो कधी कधी. थंड जागी लवकर.
थंड जागा!
मी महाप्याला रात्रपाळीचा वॉचमन.
तिथे काचेपलीकडे नुसती यंत्रं उभी असतात,
त्यांना एकवीस डिग्री लागते,
बावीस झाली की चार माणसं धावत येतात.
भंगारात निघालेला एक पंखा मी
साहेबाला विचारून आणला.
(विचारलं नव्हतं. आता लिहितोय तर खरं लिहितो.)

चेंदणी कोळीवाड्यातून हिराबाय
उरलेला बर्फ पाठवायची, पापलेटाच्या वासासकट.
पाणी ओतायचं आणि लगेच निपटून काढायचं,
ठेवलं तर तेच अंगावर गोधडीसारखं तापतं,
हे शिकायला मला आठवडा लागला.
भरड्यात मीठ. दुपारी सावली, फिरवणं पहाटे चारला,
पारसिकच्या डोंगराखाली,
बोगद्यातून गाडी गेली की कान टवकारायची.
दगडू म्हणाला, बिअर पाजा, काळी.
चाचांनी तोंड फिरवलं, पैसे मात्र दिले.
मी बादलीत ओतली. तिने चव घेतली,
मग माझ्याकडे असं बघितलं
की उरलेली मी दगडूला दिली.

सगळा सीझन पावतीपुस्तक कोरं राहिलं.
सत्तावीस वराती मुंब्र्याच्या बग्गीवाल्याकडे गेल्या.
चाचा एकदाच बोलले:
आयुष्यभर हिच्या घामाचं खाल्लं,
आता थोडं आमच्या घामाचं ती खाईल.

माझा घाम विचारूच नका.
लहानपणापासून तळहात ओले,
परीक्षेत पेपर भिजायचे,
मुलगी बघायला गेलो तेव्हा चहाची बशी निसटली.
रात्रपाळीत अंगठ्याने हजेरी लागत नाही,
यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.

नोव्हेंबर संपत आला होता.
फिरवून आणली, आयाळीखाली हात घातला
आणि हाताला ओल लागली.
चाचा, ओरडलो, इथे बघा.
ते म्हणाले, तुझ्या हाताचं काय सांगतोस.
खरंच होतं.
त्यांनी हात पुढे केला, पण नुकतंच वजू करून आलेले,
कोपरापर्यंत पाणी ठिबकत होतं.
हिराबाय बर्फाची पाटी उतरवत होती.
तीही हसली, हात दाखवले.

एवढ्या ठाण्यात त्या पहाटे
आम्हाला एक कोरडा हात सापडेना.

मग चाचांच्या नातीने, तहूराने,
झोपाळू डोळ्यांनी पावतीपुस्तक आणलं.
एक पान फाडलं, कोपऱ्याला धरून,
कानामागे दाबलं, दहापर्यंत मोजलं.
तिला दहाच्या पुढे येत होतं, तरी दहाच.

कागद उजेडात धरला.
'वराचे नाव' छापलंय तिथे
एक राखाडी डाग, चिंचोक्याएवढा.
चाचांनी वास घेतला. मी जीभ लावली.
हिराबाय म्हणाली, शी.

चैत्रात काय होईल, बाईंनाही माहीत नाही.
पंखा अजून परत केलेला नाही.